बातमीदार यांग यांच्या मातोश्री

आमच्याकडे बाई मेली की पेपरात तिचं नाव येत नाही, तिच्या मुलाचं येतं. 'मत्स्य सोसायटीचे उपव्यवस्थापक श्री. अमुक यांच्या मातोश्रींचं निधन', खाली घरचा पत्ता, अंत्ययात्रेचा दिवस, आणि संपलं. जिने जन्मभर त्या उपव्यवस्थापकाचं नाक पुसलं, ती बिननावाची जाते. मला या चालीचा राग होता, पण तो गिळून मी रोज तशाच ओळी लिहायचे, कारण 'दक्षिण किनारा' दैनिकात निधनवार्ता लिहिणं हेच माझं काम होतं. पोलीस ठाणं, नगरपालिका, बंदर हे पुरुषांनी आपसांत वाटून घेतलं होतं. बाईमाणसाला कुठे पाठवायचं असा प्रश्न पडला, तेव्हा मला मेलेल्यांकडे पाठवलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर यांग तेक-सू बसायचा. माझ्यापेक्षा बराच लहान, मला गिलताई म्हणायचा आणि माझ्या छत्र्या नेऊन हरवायचा. दिवसभर सुका माकूळ चघळत लिहायचा, त्या वासाने माझं डोकं उठायचं. अक्षर असं, की खिळे जुळवणारे त्याचा कागद आला की आधी देवाचं नाव घ्यायचे. आम्ही रोज भांडायचो. ज्या दिवशी भांडण झालं नाही त्या दिवशी संपादक पांग विचारायचे, "कोणी आजारी आहे का?" माझा सख्खा भाऊ लढाईत गेला. त्याच्यानंतर मी कोणावर जीव लावला असेल तर या घाणेरड्या अक्षराच्या माणसावर.

आणीबाणीचे हुकूम एकामागून एक निघत होते ते दिवस. तेक-सूने लिहिलं की नव्या खत कारखान्याच्या पाण्याने खाडीतली कालवं मेली, आणि कोळ्यांची नुकसानभरपाई कोणाच्या घशात गेली तेही नावानिशी लिहिलं. 'बातमी खोटी होती' अशा कागदावर सही कर म्हणून त्याला बोलावलं, तर हा तिथेही माकूळ चघळत बसला आणि सही न करता परत आला. पुढच्या आठवड्यात त्याला न्हाव्याच्या खुर्चीतून उचललं. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालाला साबण तसाच होता. न्हावी बिचारा वस्तरा घेऊन गाडीपर्यंत मागे धावला, "साहेब, निदान दुसरी बाजू तरी होऊ द्या!"

ठाण्यावर विचारलं तर उत्तर मिळालं, "असा कोणी इसम आमच्याकडे नाही." प्रांताच्या मुख्यालयात तेच, सोलला तेच. आदल्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शिक्षकाला असंच नेलं होतं. तोही कुठेच नव्हता, आणि मग एके दिवशी डोंगरावरून पाय घसरून मेलेला सापडला. त्या शिक्षकाला जन्मात कोणी डोंगर चढताना पाहिलं नव्हतं. म्हणून आम्हाला एकच गोष्ट हवी होती: तेक-सूला त्यांनी नेलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे, हे त्यांना कळायला हवं होतं. ज्याचं नाव चारचौघांत घेतलं जातं, त्याचा पाय सहसा घसरत नाही.

पण नाव घ्यायचं कुठे? या प्रकरणाची ओळही छापायची नाही असा हुकूम होता. प्रांतातल्या सगळ्या पेपरांनी हाताची घडी घातली होती आणि तोंडावर बोट ठेवलं होतं. आमच्या पांगसाहेबांचं पोट नाजूक. हुकूम आला की ते पोट धरून बसायचे आणि कोबीचा रस प्यायचे. पलीकडच्या बंदरातल्या 'प्रभात वार्ता'चे संपादक शिन यांना निदान फोन तरी करा असं मी म्हटलं, तर पांगसाहेब म्हणाले, "त्या माणसाशी मी बोलत नाही." एका बोटीच्या जलावतरणाला आमचे साहेबच आधी पाण्यात पडले होते आणि शिनने तो फोटो पहिल्या पानावर छापला होता, एवढंच वैर.

शिवाय आमच्या उरावर क्वाकसाहेब होता. तो सोलच्या गुप्तवार्ता खात्याचा माणूस. रोज दुपारी यायचा, बूट काढून पाय खुर्चीवर घ्यायचा, काळ्या रस्स्यातल्या शेवया मागवायचा आणि लाल पेन्सिलने आमची पानं तपासायचा. गुडघे दुखायचे त्याचे, त्याचं पुराण आम्हाला रोज ऐकावं लागायचं. मनात आणलं असतं तर त्याने आम्हाला सगळ्यांना आत टाकलं असतं, आणि तरी तो यायला उशीर झाला तर कोणीतरी म्हणायचंच, "गुडघे धरले असतील आज." सगळी पानं तो बघायचा, फक्त माझ्या निधनवार्ता सोडून. जेवताना मेलेल्यांची नावं वाचू नयेत असं त्याच्या आजीने सांगून ठेवलं होतं.

तेक-सूची आई मूळची नामहे बेटावरची, म्हणून सगळं बंदर तिला नामहेवाली म्हणायचं. बाजारात सुकी मांदेली विकायची. म्हातारीचा आवाज असा की तिने आरोळी ठोकली की पार धक्क्यावरचे बगळे उडायचे. मुलाला नेल्यापासून बाजार आटोपला की ती कचेरीत यायची आणि त्याच्या खुर्चीवर बसून राहायची. ही खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊ नका, एवढंच म्हणायची. एरवी कोणाला बोलू न देणारी बाई गप्प बसलेली बघवत नव्हती.

एक दिवस तिने माझ्या पुढ्यातल्या कच्च्या छपाईवर बोट ठेवलं.

"हे वाच बरं, गिलबाई."

"'जिल्हा सहकारी बँकेचे रोखपाल श्री. ओ यांच्या मातोश्रींचं निधन.'"

"मेली कोण?"

"आई."

"मग नाव कोणाचं?"

"मुलाचं. पद्धत आहे, आजी."

"आईचं नाहीच?"

"नाही."

म्हातारीने टेबलावर थाप मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "मग अडलंय कुठे? मला मार की!"

ती पुढे सरकली. "जन्मभर माझं नाव कुठे आलं नाही, मेल्यावरही येणार नाही. येणार ते माझ्या पोराचं. हो की नाही? मग छाप ना. त्याचं नाव, त्याचा हुद्दा, त्याच्या घरचा पत्ता. ती बातमी थोडीच आहे? निधनवार्ता आहे!"

पांगसाहेब कोबीचा रस घेऊन मागेच उभे होते. ते पांढरे पडले. "आजी, जिवंत माणसाची निधनवार्ता छापणं हा केवढा अपशकुन!"

"माझा शकुन-अपशकुन मी बघून घेईन. तू तुझे खिळे बघ, मेल्या."

आता, आमच्या पेपरवाल्यांत एक रिवाज आहे. बातमीदाराचे आई-वडील गेले की प्रांतातले सगळे पेपर ती निधनवार्ता छापतात. मालकामालकांत कितीही वैर असो, अंत्ययात्रेला वैर चालत नाही. हे मला ठाऊक होतं, पांगसाहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनी रस एका घोटात संपवला आणि म्हणाले, "चौकट जरा ठळक कर."

त्या दुपारी क्वाकसाहेब शेवया खात होता आणि त्याच्या कोपराखाली ते पान पडलं होतं. मी दुसरीकडे बघत राहिले. शेवया संपल्या, पेन्सिल खिशात गेली, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात आलं: 'दैनिक दक्षिण किनाराचे बातमीदार यांग तेक-सू यांच्या मातोश्रींचं राहत्या घरी निधन. मुख्य सुतकी: ज्येष्ठ पुत्र यांग तेक-सू.' रोज हुकमाने आम्ही पानंच्या पानं खोटं छापत होतो. स्वतःच्या मनाने छापलेलं खोटं हे एवढंच.

मग मी फोन लावायला बसले. 'प्रभात वार्ता'त स्वतः शिननेच उचलला. मी मजकूर सांगितला. तेक-सू कुठे आहे, म्हणजे कुठे नाही, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

"मुख्य सुतकी अंत्ययात्रेला हजर असतील ना?" त्याने विचारलं.

"त्याची वाट बघतोय."

"हं. नाव मोठ्या खिळ्यात घेतो," शिन म्हणाला. मग खाकरून म्हणाला, "पांगला सांगा, त्या फोटोचं... तो जरा जास्तच झाला होता."

मजकूर मी सगळ्यांना एकच दिला होता, पण छापताना प्रत्येकाने त्याला आपापली फोडणी दिली. 'प्रभात वार्ता'ने लिहिलं, 'मुख्य सुतकी यांग तेक-सू सध्या परगावी असून, ते पोचताच अंत्ययात्रेची वेळ कळवू.' डोंगरपट्ट्यातल्या एका छोट्या पत्राने लिहिलं, 'यांग तेक-सू यांचा सध्याचा मुक्काम ज्यांना ठाऊक असेल, त्यांनी त्यांना ही दुःखद वार्ता कळवण्याची कृपा करावी.' तांदळाच्या भावांखेरीज काही न छापणाऱ्या शेतकी साप्ताहिकाने भावांच्या वर काळी चौकट टाकली: 'यांग तेक-सू, लवकर घरी या.' महिनाभर अळीमिळी गुपचिळी केलेल्या या लोकांना एकदम कंठ फुटला होता, आणि एकालाही बोल लावता येत नव्हता. मयताचं छापायचं नाही असा हुकूम कोणी काढला होता? तो शेतकी साप्ताहिकाचा अंक हातात घेऊन मी कचेरीच्या जिन्यात बसून रडले. तांदळाचे भाव लिहिणारा तो माणूस आमच्या ओळखीचाही नव्हता.

प्रकरण मग आमच्या हातात राहिलं नाही. घोड्याच्या केसांच्या टोप्या घालणारे, सरकारला नेहमी मुजरा करणारे गावातले जुने पंडित काठ्या टेकत ठाण्यावर गेले आणि फौजदाराला म्हणाले, "थोरल्या मुलाला आईच्या मयताला येऊ देत नाही, हे कुठलं राज्य? तुला आई आहे का?" फौजदाराने सोलला फोन केला. सोलने क्वाकसाहेबाला सांगितलं, जाऊन बघून ये, म्हातारी खरंच मेलीय का.

म्हातारी तेव्हा स्वतःच्या मयताचा रस्सा ढवळत होती. मयताच्या घरचा तिखटजाळ लाल रस्सा मोठ्या पातेल्यात शिजत होता, आणि मीठ कमी का घातलं म्हणून ती शेजारणींवर ओरडत होती. "क्वाक येतोय!" अशी गल्लीतून हाक आली तशी पळी टाकून ती खोलीत पळाली. खोलीत रीतीप्रमाणे घडीचा पडदा उभा होता. मयत पडद्यामागे ठेवायचं आणि आलेल्यांनी पुढून नमस्कार करायचे. ती मागे जाऊन सपशेल आडवी झाली. मी सुतकातली तागाची वस्त्रं नेसून पुढे बसले आणि "आयगो, आयगो" करत विलाप सुरू केला. एवढ्या लोकांच्या निधनवार्ता लिहिल्या, पण रडण्याचं काम मला कधी जमलं नाही. शेजारीण कानात म्हणाली, "ताई, शिंक अडकल्यासारखं रडू नका."

क्वाकसाहेब बूट काढून आत आला. उदबत्ती लावली. मयताला दोनदा नमस्कार करायचा असतो, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून. पहिल्याला त्याचे गुडघे असे कडकडले की मला त्याही स्थितीत कीव आली. दुसऱ्या नमस्काराला त्याचं कपाळ जमिनीवर होतं, आणि पडद्यामागून शिंक आली.

आमच्याकडे थंडीत जमिनीखाली आग घालून खोल्या तापवतात, पण मयत ठेवलेल्या खोलीची जमीन तापवत नाहीत. बाहेर पाणी गोठेल अशी थंडी, आणि म्हातारी गार जमिनीवर पडलेली. शिंकही तिची, म्हणजे बगळे उडवणारी. बाहेर पळी वाजायची थांबली.

क्वाकसाहेब तसाच ओणवा होता. मग तो हळूहळू उठला, गुडघे चोळले आणि पडद्याकडे न बघता मला म्हणाला, "खोली फार गार आहे, गिलबाई. खाली थोडी आग घाला."

"मयताच्या खोलीत...?" मी म्हटलं.

"घाला म्हणतो ना. माझी आई अशाच थंडीत गेली. मी ड्यूटीवर होतो, मला सोडलं नाही." त्याने बूट चढवले, रश्श्याचा एक वाडगा उभ्यानेच प्याला, "मीठ बरोबर आहे," असं म्हणाला आणि गेला. त्या माणसाने माझ्या किती बातम्यांवर लाल रेघ मारली असेल, पण त्या दिवसापासून मी त्याला मनातल्या मनातही शिवी दिली नाही.

सोलला त्याने काय कळवलं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. तेक-सूला आणलं. जो कुठेच नव्हता, ज्याला कोणी पाहिलंही नव्हतं, तो भर दुपारी सरकारी गाडीतून गल्लीच्या तोंडाशी उतरला. त्याला एक तासाची मुभा होती आणि दोन्ही बाजूंना कोटातली दोन माणसं होती. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रांतातल्या प्रत्येक पेपराचा माणूस 'सांत्वनाला' आला होता. शिन आला होता, आमच्या पांगसाहेबांच्या शेजारी उभा होता आणि दोघे एकाच छत्रीखाली होते. बर्फ भुरभुरत होतं. तेक-सू दिसताच सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि एकेकाने मोठ्याने म्हटलं, "यांग बातमीदार, फार वाईट झालं." "यांग तेक-सू, धीर धरा." नाव, नाव, पुन्हा पुन्हा नाव. कोटातली माणसं ऐकत होती. आम्हाला हवं होतं ते झालं होतं.

आणि मग मी त्याचं तोंड पाहिलं. एका गोष्टीचा आम्ही विचारच केला नव्हता. त्याला कोणी सांगितलं असेल? सोलपासून इथपर्यंत तो आईला रडत आला होता. डोळे सुजून बंद झाले होते, दाढी वाढली होती, अंगावर कपडे लोंबत होते. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "ताई, मी नव्हतो. ती गेली तेव्हा मी नव्हतो." कोटवाले दोन पावलांवर होते. मी त्याला तागाचा अंगरखा चढवला आणि पडद्याकडे ढकललं.

"मुलाने शेवटचं तोंड बघायचं असतं," मी कोटवाल्यांना सांगितलं. "आत एकटाच जातो."

त्यातला एक पुढे आला. "आम्हालाही बघावं लागेल."

माझं डोकं सटकलं. "तुझी आई अशी पडली असती तर परक्याला दाखवली असतीस? बाईमाणसाचं मयत आहे! आंघोळ घातलेली, उघडी आहे ती!"

तो थबकला, पण हटला नाही. तेव्हा दारातून क्वाकसाहेब म्हणाला, "मी पाहिलंय. जेवून घ्या तुम्ही, रस्सा गरम आहे." हुद्द्याने तो त्यांच्या वरचा होता. ते जेवायला बसले.

तेक-सू पडद्यामागे गेला. त्याचा आक्रोश ऐकवत नव्हता. "आई गं, आई गं" करत होता, आणि एकदम नळ बंद करावा तसा तो थांबला. मग एक चापट वाजली. पोराला गप्प करायला म्हातारीला तेवढं एकच ठाऊक होतं. मग कसलाच आवाज नाही. मी जीव खाऊन "आयगो!" म्हणून किंचाळले, माझ्यामागे सगळ्या शेजारणींनी सूर धरला, आणि त्या गदारोळात पडद्यामागून तेक-सू पुन्हा रडू लागला. इतकं वाईट खोटं रडणं मी कधी ऐकलं नाही. मधेच त्याला हसू येत होतं, ते हुंदक्यात ढकलत होता. शेजारीण मला म्हणाली, "याच्यापेक्षा तुम्ही बऱ्या."

तासाभराने तो बाहेर आला तेव्हा दाढीत भाताची दोन शितं अडकली होती. आईने पडद्यामागे जेवू घातलं होतं. सुतकाची टोपी सारखी करायच्या निमित्ताने मी ती शितं काढली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, आई फार शांत वाटली." त्याचे डोळे चमकत होते. मग त्याला नेलं.

तो तुरुंगात गेला, पण नोंद होऊन गेला. त्याच्यावर रीतसर खटला झाला, त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा झाली म्हणून कचेरीत आनंदाने दारू आणणारे आम्हीच असू. डोंगर टळला होता.

राहिली म्हातारी. पांगसाहेबांचं म्हणणं होतं, चुकीची दुरुस्ती छापावी. "काही नको," ती म्हणाली. "मी जिवंत झाले की त्या गुडघेवाल्याची नोकरी जाईल, आणि तुम्ही सगळे आत जाल. मेले ते मेले." मग शवपेटीत आमच्या पेपराचे न खपलेले अंक भरले. त्यांचा कधीच तुटवडा नव्हता. खांदेकऱ्यांना धाप लागली, तेव्हा पेटीमागून बुरख्यासारखा रुमाल घेऊन चाललेली नामहेवाली पुटपुटली, "हाडं जड आमच्या घराण्याची." सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, आणि सगळे तोंडं पाडून चालत होते. टेकडीवर आम्ही आमचे अंक पुरले. नामहेवाली बोटीत बसून बेटावर धाकट्या बहिणीकडे गेली.

एवढं सगळं निभावलं, पण एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. तुरुंगात महिन्याला एक भेट असते, ती नात्यातल्या माणसांनाच. आणि आई मेलेली होती. पहिले काही महिने ती बेटावर बसून राहिली. मी भेटायला गेले तर माझ्याशी धड बोलेना. "एका तासासाठी दोन वर्षं दिली मी, गिलबाई," एवढंच म्हणाली. शेवटी तिच्या बहिणीनेच आपलं ओळखपत्र तिच्यापुढे टाकलं. दोघींचं नाक सारखंच, आणि त्या कार्डावरच्या फोटोत नाकाखेरीज काही दिसतच नव्हतं. "मावशीला सोडतात," ती म्हणाली.

मी सोबत गेले. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तेक-सू, आणि कोपऱ्यात टेबलाशी बोलणं उतरवून घेणारा पहारेकरी. तेक-सूने जाळीतून बघितलं. पण तो बातमीदार होता, लगेच सावरला.

"मावशी," तो म्हणाला, "आलीस."

"आले रे." तिचा आवाज बारीक झाला होता. "तुझी आई... तुझी आई असती तर आधीच आली असती."

"आईच्या किमचीची आठवण येते," तो म्हणाला. "मुळ्याची. फार खारट करायची. मी कधी बोललो नाही."

"खारट?" म्हातारी ताठ झाली. "माझ्या बहिणीची किमची खारट? अख्खं बंदर बोटं चाटायचं!"

मी तिचा पाय दाबला. पहारेकरी लिहीत होता.

तेक-सू हसला, आणि मग हसता हसता खाली बघायला लागला. आमच्याकडे मुलगे आईशी असलं काही बोलत नाहीत. जेवलीस का, पैसे आहेत का, एवढंच. बाकीचं पोटातच राहतं. तो जाळीला बोटं लावून म्हणाला, "मावशी, रोज सकाळी मोजणी झाली की मी तिची बाजारातली आरोळी मनात म्हणतो. मांदेली घ्याऽ म्हणून. मग दिवस निघतो. लहानपणी मी झोपेतून उठायचो ते त्या आरोळीने. मी तिला कधी म्हटलं नाही, पण तेवढा सुंदर आवाज मी कुठे ऐकला नाही. मला ती फार आवडायची गं. एकदा तरी तिला सांगायला हवं होतं."

पहारेकऱ्याने पेन खाली ठेवलं होतं.

म्हातारीने तोंडावर रुमाल धरला. "सांगेन तिला," ती म्हणाली, आणि मग घाईघाईने, "श्राद्धाला. श्राद्धाच्या दिवशी सांगेन."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी उकडलेलं अंडं सोलून दिलं, ते तसंच हातात धरून बसली. मग एकदम म्हणाली, "खारट म्हणे. मेला." आणि रडायला लागली, अगदी मोकळी, मोठ्याने, बसमधले सगळे वळून बघत होते तरी. मी तिला थोपटत राहिले. रडणं ओसरल्यावर तिने नाक पुसलं, अंडं खाल्लं आणि माझ्याकडे वळली.

"गिलबाई," ती म्हणाली, "एवढं ऐकायला मिळणार हे ठाऊक असतं, तर मी केव्हाच मेले असते."